सोलारिग्राफीला ‘अयनचित्र’ म्हणता येईल का?

रिकाम्या कॅनला सुईनं भोक पाडायचं, आत कृष्णधवल छपाईचा फोटोकागद गुंडाळून बसवायचा आणि तो कॅन सहा महिने उघड्यावर बांधून ठेवायचा. भिंग नाही, बटण नाही. सूर्य रोज आपली एक रेघ कागदावर ओढत राहतो. या कलेला सोलारिग्राफी म्हणतात. पावेल कुला, स्वावोमिर देत्सिक आणि दिएगो लोपेस काल्विन यांनी २००० साली सुरू केलेल्या प्रकल्पातून हे नाव पुढे आलं. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशर विद्यापीठात कलेचं शिक्षण घेणाऱ्या रेजिना वाल्कनबर्ग यांनी २०१२ साली बेफर्डबरी वेधशाळेच्या घुमटावर असाच एक बिअरचा कॅन बांधला होता. तो निघाला २०२० मध्ये. आतल्या कागदावर सूर्याच्या २,९५३ कमानी उमटल्या होत्या.

मी पुण्यात गच्चीच्या कठड्याला, पूर्वेकडे तोंड करून, २१ जूनला कॅन बांधला आणि २२ डिसेंबरला सोडला. कागद डेव्हलप करायचा नसतो, कारण उजेडानंच तो इतका काळवंडलेला असतो की चित्र आपोआप दिसतं. तो थेट स्कॅन करायचा, तोही एकदाच, कारण स्कॅनरच्या दिव्यानंसुद्धा तो आणखी काळा पडतो. मग संगणकावर काळ्याचं पांढरं करून घ्यायचं. माझ्या चित्रात डावीकडे, म्हणजे उत्तरेला, जूनची रेघ आहे. तिथून रेघा सरकत सरकत उजवीकडे डिसेंबरपर्यंत गेल्या आहेत. सूर्याचं दक्षिणेला जाणं इतकं उघड मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून ‘अयनचित्र’ सुचलं. ‘इ’ म्हणजे जाणे, त्यावरून अयन: जाणं, वाट. कसा वाटतो शब्द?

प्रतिसाद:
ताई, शब्द छान आहे, पण जड नाही का? ‘सूर्यरेखा’ सोपा आहे. नाहीतर ‘सूर्यलेख’.

प्रतिसाद:
सूर्यरेखा म्हटलं की हात पाहणारे आठवतात, ती तळहातावरची रेघ. आणि ‘सूर्यलेख’ ऐकल्यावर रविवारच्या पुरवणीतला लेख वाटतो. माझा आक्षेप वेगळा आहे. उत्तरायण म्हटलं की घरोघरी संक्रांत आठवते, १४ किंवा १५ जानेवारी. तुम्ही कॅन सोडलात २२ डिसेंबरला. वाचणाऱ्याचा गोंधळ नाही होणार?

धागाकर्ती:
गोंधळ होईल, पण तो हे चित्रच सोडवील. सूर्य दक्षिणेकडून वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. पंचांगातली संक्रांत निरयन पद्धतीची, म्हणजे सूर्याची जागा ताऱ्यांवरून मोजणारी, असल्यामुळे आता तिच्यात आणि प्रत्यक्ष वळण्यात साधारण २४ दिवसांचं अंतर पडलंय. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो असं आई म्हणायची. ते तीळ डिसेंबरपासूनच साठत असतात.

आणि ‘अयन’ सोडवत नाही त्याचं खरं कारण सांगते. हे चित्र वर्षभराचं का नसतं? कारण जूनमध्ये गाठलेल्या टोकाहून सूर्य डिसेंबरच्या टोकाला जातो आणि मग त्याच वाटेनं परत येतो. कॅन तसाच ठेवला तर परतीच्या रेघा आधीच्या रेघांवरच बसतात. म्हणजे पुरी आणि स्वच्छ वाट हवी असेल तर कॅन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठेवायचा, बरोबर एक अयन. या कलेचं मापच अयन आहे. दुसरा कुठलाही शब्द हे सांगत नाही.

प्रतिसाद:
हे पटलं. एक शंका, उत्तरायणात ‘ण’ आहे. मग अयनचित्र की अयणचित्र?

धागाकर्ती:
अयनच. उत्तरायणात आधीच्या ‘र’मुळे न चा ण होतो, जसा रामायणात. दक्षिणायनात ‘क्ष’मधला ष आहे खरा, पण मधला ण त्याला अडवतो, म्हणून तिथे न टिकला. सुट्या ‘अयन’मध्ये ण येण्याचं कारणच नाही.

प्रतिसाद:
जंगलात खांबावर कॅमेरे लावून झाडांची पालवी आणि पानगळ टिपतात, त्यालाही हाच शब्द चालेल का? अमेरिकेतलं फेनोकॅमचं जाळं २००८ पासून दर अर्ध्या तासाला फोटो काढतं आणि चित्रातल्या हिरव्या रंगाचं प्रमाण मोजतं. काही कलाकारही याच पद्धतीनं एका झाडाचं वर्ष मांडतात.

धागाकर्ती:
नाही, तिथे नको. तिथे झाड बदलतं, इथे सूर्य सरकतो. त्याला ‘ऋतुचित्र’ म्हणू या. पालवी, मोहर, बहर, पानगळ हे आपले सगळे शब्द त्या चित्राला लागतात, अयनचित्राला एकही लागत नाही.

प्रतिसाद:
वाल्कनबर्गबाईंच्या चित्रात कमानी आहेत. तुमच्या चित्रात का नाहीत?

धागाकर्ती:
त्यांचं ठिकाण जवळजवळ ५२ अक्षांशावर. तिथे सूर्य उन्हाळ्यातही डोक्यावर येत नाही, दक्षिणेच्या आकाशात कमान करून उतरतो. पुणं साडेअठरा अक्षांशावर, इथे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो तो त्याचमुळे. (‘शून्य सावली’ किती नेमका शब्द रुळलाय!) मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. कॅनचं तोंड दक्षिणेला केलं असतं तर तो सापडलाच नसता. म्हणून मी पूर्व धरली आणि कमानींऐवजी उजवीकडे किंचित कललेल्या उभ्या रेघा मिळाल्या.

प्रतिसाद:
आणि पावसाळा?

धागाकर्ती:
तोच भाग मी सगळ्यात जास्त वेळ पाहत बसते. ऑक्टोबरपासून रेघा इतक्या दाट आहेत की पट्टाच झालाय. डावीकडचा तिसरा हिस्सा मात्र जवळपास कोरा आहे, नुसतं ढगाळ राखी. त्या राखीत जुलैच्या तीन बारीक रेघा आहेत, एक तर मधेच तुटलेली. त्या तिघींसाठी नवा शब्द शोधावा लागला नाही. त्या उघडिपी आहेत.