दोनदा हवालदार झालेले बाबा : आठवणी लिहिण्यासाठी धागा

मुलगी, नौपाडा, ठाणे

माझे वडील गेल्या महिन्यात वारले. १९६८ साली, अठराव्या वर्षी, ते मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि पंधरा वर्षांनी हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर माजी सैनिकांसाठीच्या राखीव जागेतून ते ठाणे पोलीस दलात शिपाई म्हणून लागले. येथील आयुक्तालय १९८१ साली स्थापन झालेले, म्हणजे तेव्हा नवेच होते. शिपाई, नाईक, हवालदार ही पदांची नावे दोन्हीकडे तीच असल्यामुळे, पलटणीत एकदा चढलेल्या पायऱ्या त्यांना तेहतिसाव्या वर्षी पहिलीपासून पुन्हा चढाव्या लागल्या. २००८ साली ते सहायक फौजदार म्हणून घरी आले. तेराव्याला आलेल्या माणसांनी ज्या गोष्टी सांगितल्या त्यांतील निम्म्या आम्हाला ठाऊक नव्हत्या, म्हणून हा धागा काढला आहे. ‘कर्तव्यदक्ष’ आणि ‘शिस्तप्रिय’ हे शब्द फलकावर लिहून झाले आहेत. येथे कृपया प्रसंग लिहावेत.

निवृत्त पोलीस नाईक, कळवा

आमच्याकडे हवालदाराला ‘मेजर’ म्हणून हाक मारण्याची पद्धत आहे. त्यांना तशी पहिली हाक मी मारली, तेव्हा ते म्हणाले, “पलटणीत ऐकले असते तर दोघांनाही शिक्षा झाली असती.” पंचनामा कसा लिहावा हे मी त्यांच्याकडून शिकलो. कवायतीचे पाऊल तीस इंचांचे असते आणि ते त्यांच्या पायांत असे मुरले होते, की टेप येईपर्यंत ते घटनास्थळ पावलांनी मोजून ठेवत. शंभर पावले म्हणजे अडीचशे फूट, हा त्यांचा हिशेब होता. टेप लावल्यावर फरक निघाला तर तो वीतभर निघे, आणि तरीही पंचनाम्यात आकडा टेपचाच जाई. “माझा पाय न्यायालयात साक्षीला येणार नाही,” असे ते म्हणत.

पलटणीतील सोबती, मूळ गाव सातारा जिल्ह्यात, सध्या घणसोली

डिसेंबर १९७१ मध्ये आम्ही दोघे जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनमध्ये होतो. ब्रह्मपुत्रा ओलांडून आम्ही तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, जमालपूरच्या मागे ढाक्याकडे जाणारा रस्ता अडवला. शरण येण्याविषयीच्या आपल्या पत्राला तेथील पाकिस्तानी कर्नलने नकार पाठवला, तो बंदुकीची गोळी कागदात गुंडाळून. त्यानंतर १० तारखेच्या रात्री ते सैन्य नेमके आमच्याच मोर्चांवर चालून आले. त्या रात्रीविषयी तुझे वडील घरी बोलले नसतील, तर मीही येथे अधिक लिहिणार नाही. एवढेच सांगतो, की सकाळी त्यांनी माझ्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या होत्या, कारण माझी बोटे थरथरत होती आणि त्यांची थरथरत नव्हती.

शेजारी, नौपाडा

२६ जुलै २००५ रोजी लोकल बंद पडल्यावर मी घाटकोपरहून चालत निघालो आणि रात्री उशिरा ठाण्याच्या वेशीशी पोहोचलो. एका सखल वळणावर कमरेएवढे पाणी होते आणि तेथे काका बंदोबस्ताला उभे होते. त्यांनी दोन खांबांना दोर बांधून लोकांना रांगेने पलीकडे सोडण्याची व्यवस्था केली होती, आणि पलीकडे पोहोचणारा प्रत्येकजण मोजला जात होता. मला ओळखूनही त्यांनी रांगेतून पुढे घेतले नाही. त्या वेळी मला ते फारसे रुचले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

भाचा, ऐरोली

वरील शेजारच्या काकांचे वाचून मलाही धीर आला. सतरा वर्षांचा असताना, परवाना नसताना, मी तलावपाळीवर स्कूटरसह पकडला गेलो. मी मोठ्या ऐटीत मामांचे नाव सांगितले. मामा आले, त्यांनी वाहतूक हवालदारांना नमस्कार केला, “पावती फाडा” म्हणाले आणि दंडाचे पैसे पुढे सहा महिने माझ्या खाऊच्या पैशांतून कापून घेतले. आज मी पन्नाशीला आलो आहे, पण तो राग पूर्ण गेलेला नाही.

वीरपत्नी, वागळे इस्टेट

दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना माझ्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नसे, कारण आयुष्यभर भांडी घासून रेषा झिजल्या आहेत. भाऊ मला घेऊन जात, कोमट पाण्याने हात धुवायला लावत, एकेक बोट लावून पाहायला सांगत आणि एखादे बोट लागेपर्यंत तेथून हलत नसत. त्यांना स्वतःला सैन्याचे आणि पोलिसांचे अशी दोन निवृत्तिवेतने होती. “वहिनी, तुम्ही एकदाच जिवंत असता, मला दोनदा असावे लागते,” असे म्हणून ते हसत.

मुलगी, नौपाडा

जमालपूरचे आम्हाला खरोखरच ठाऊक नव्हते. आईला नाड्यांचा प्रसंग दोनदा वाचून दाखवला. वहिनी, बाबांच्या मृत्यूचा दाखला आम्ही सोमवारी दोन्हीकडे नेऊन दिला, आणि दोन्ही खिडक्यांवर अर्ज वेगवेगळा भरावा लागला. नोव्हेंबरात तुमच्यासोबत मी येईन.