विषय: एच-1बीवर घर घेतोय, कर्जाला चांगला रेट कसा मिळवायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं मंडळात नवीनच आहोत, बऱ्याच जणांशी गणपतीत ओळख झाली. सध्या घर बघतोय आणि कर्जाच्या बाबतीत डोकं पार गरगरलंय म्हणून इथे विचारते. नवरा एच-1बीवर (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा) आहे, मी एच-4 ईएडीवर (जोडीदाराचा व्हिसा आणि त्यावर कामाचा परवाना). साधारण 4 लाख डॉलर कर्ज लागेल, 15 टक्के डाउन पेमेंट आमच्याकडे जमेल, त्यातले थोडे पैसे माझे बाबा भारतातून पाठवणार आहेत. रिअल्टरने तिच्या ओळखीचा लेंडर दिलाय, तो फोनवर म्हणाला 6.25 देतो. ऑफिसमधले म्हणतात क्रेडिट युनियनकडे (सभासदांची सहकारी बँक) जा. कोणी म्हणतं चार ठिकाणी विचारलं तर क्रेडिट स्कोअर पडतो, आणि कोणी म्हणतं व्हिसावाल्यांना रेट जास्तच लावतात. फेड (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) पुढच्या मीटिंगला रेट कमी करणार असं ऐकतोय, तर तोपर्यंत थांबावं का तेही कळत नाहीये. जे यातून गेलेत त्यांनी प्लीज सांगा.

– नवीन सभासद

-----

उत्तर: एच-1बीवर घर घेतोय

अभिनंदन, आणि विचारलंत ते फार बरं केलंत, कारण बहुतेक लोक सही झाल्यावर विचारतात.

पहिली गोष्ट, फोनवरचा 6.25 हा रेटच नाही. त्यात पॉइंट (रेट कमी करून घ्यायला आधी भरायचे पैसे) धरलेत का, लॉक (रेट पक्का ठेवायची मुदत) किती दिवसांचा, कुठला स्कोअर धरून सांगितलं, यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला हवं ते तीन पानी लोन एस्टिमेट. 2015 पासून हा फॉर्म सगळ्या लेंडरना सारखाच आहे, त्यामुळे दोन कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडता येते. नाव, उत्पन्न, सोशल सिक्युरिटी नंबर, घराचा पत्ता, घराची अंदाजे किंमत आणि कर्जाची रक्कम, या सहा गोष्टी दिल्या की तीन कामकाजाच्या दिवसांत तो द्यायलाच लागतो, कायदा आहे तसा. पत्ता दिला नाही तर बरेच जण नुसतं वर्कशीट पाठवतात, दिसायला तसंच असतं पण त्यातल्या आकड्यांना कोणी बांधील नसतं. म्हणून घराची ऑफर मान्य झाली की त्याच दिवशी तीन-चार ठिकाणी पत्ता देऊन लोन एस्टिमेट मागवा. त्याच दिवशी हे महत्त्वाचं, कारण रेट रोज बदलतात, सोमवारचा एक आणि गुरुवारचा दुसरा अशी तुलना करून काही हाती लागत नाही.

स्कोअरची भीती मनातून काढून टाका. मॉर्गेजसाठीच्या चौकश्या 45 दिवसांच्या आत झाल्या तर त्या मिळून एकच धरतात. क्रेडिट कार्डचं तसं नाही, तिथे प्रत्येक अर्ज वेगळा मोजतात, त्यामुळे क्लोजिंग (सह्या होऊन घर नावावर होणं) होईपर्यंत नवीन कार्ड नको आणि गाडीचं लोन तर अजिबातच नको.

स्कोअरबद्दल आणखी एक. फोनच्या ॲपमध्ये दिसतो तो स्कोअर लेंडर सहसा वापरत नाही. लेंडर इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडून स्कोअर काढतो आणि मधला धरतो, आणि दोघांनी मिळून अर्ज केला तर रेट ठरवताना सहसा दोघांपैकी कमी असेल तो. तुमच्यापैकी एकाची अमेरिकेतली क्रेडिट हिस्टरी लहान असेल आणि दुसऱ्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत असेल तर कर्ज एकाच्या नावावर आणि घर दोघांच्या नावावर असं करता येतं, लेंडरला दोन्ही प्रकारे आकडे काढायला सांगा. कन्व्हेन्शनल लोनमध्ये (सरकारी हमी नसलेलं साधं कर्ज) साधारण 20-20 च्या टप्प्यांनी भाव बदलतो आणि सगळ्यात चांगला टप्पा 780 च्या वर. 776 असेल तर कार्डाचं बिल स्टेटमेंट निघायच्या आधीच भरून टाका, कारण ब्युरोला कळतो तो सहसा स्टेटमेंटच्या तारखेचा आकडा, ड्यू डेटचा नाही. पूर्ण बिल दर महिन्याला भरणाऱ्यांचाही स्कोअर यामुळे उगाच कमी दिसतो.

फेडसाठी थांबू नका. तीस वर्षांच्या फिक्स्डचा रेट दहा वर्षांच्या ट्रेझरी बाँडच्या मागे जातो, फेडचा निर्णय बाजाराने बऱ्याचदा आधीच धरलेला असतो. सप्टेंबर 2024 मध्ये फेडने एकदम अर्धा टक्का कमी केला तेव्हा फ्रेडी मॅकची (घरकर्जं विकत घेणारी संस्था) तीस वर्षांच्या रेटची सरासरी 6.1 च्या आसपास होती आणि नोव्हेंबरमध्ये ती 6.8 च्या जवळ गेली. जे थांबले त्यांना महाग पडलं.

– मंडळाचा जुना खजिनदार

-----

उत्तर: उत्तर: एच-1बीवर घर घेतोय

काकांनी रेटचं छान सांगितलंय, मी कागदपत्रांचं सांगते कारण मी लोन प्रोसेसिंगमध्येच काम करते आणि आपल्या लोकांच्या फायली कुठे अडकतात ते रोज बघते.

व्हिसा म्हणून रेट जास्त, असा फॅनी मे (फ्रेडी मॅकसारखीच दुसरी संस्था) किंवा फ्रेडी मॅकचा नियम नाही. कायदेशीर राहणाऱ्या नॉन-पर्मनंट रेसिडेंटला नागरिकासारख्याच अटींवर कर्ज मिळतं. पण काही लेंडर स्वतःचे जास्तीचे नियम लावतात, अमुक महिने व्हिसा शिल्लक पाहिजे, ईएडीचं उत्पन्न धरणार नाही वगैरे, म्हणून पहिल्याच फोनला विचारा की तुम्ही एच-1बीची लोन नेहमी करता का आणि एच-4 ईएडीचा पगार धरता का. गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा लेंडर बघा, कारण तीन आठवड्यांनी अंडररायटर (कर्ज मंजूर करणारा) नाही म्हणाला तर तोवर तुमचा लॉकही संपत आलेला असतो आणि डिपॉझिटही अडकलेलं असतं. एफएचए म्हणजे सरकारी विम्याच्या लोनचं मात्र लक्षात ठेवा, मे 2025 पासून ते लोन व्हिसावाल्यांना मिळत नाही, इंटरनेटवरचे जुने सल्ले वाचून त्यावर प्लॅन करू नका.

आता बाबांचे पैसे. आईवडिलांकडून गिफ्ट चालतं, पण गिफ्ट लेटर लागतं, त्यात परतफेड नाही असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि पैसा बाबांच्या खात्यातून निघाल्यापासून तुमच्या खात्यात येईपर्यंतचा सगळा माग दिसला पाहिजे. आधी एखाद्या चुलत्याच्या खात्यात, मग मामेभावाकडून, असं करू नका, बाबांच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात. लेंडर शेवटच्या दोन महिन्यांची स्टेटमेंट मागतो आणि त्यातली मोठी डिपॉझिट कुठून आली ते विचारतो, त्यामुळे जमत असेल तर पैसे आत्ताच मागवा. आणि कर्ज आहे ते गिफ्ट म्हणून कधीही दाखवू नका, तो गुन्हा आहे.

भारतातून एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. वर्षात 10 लाख रुपयांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते, तो बाबांना रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो पण तोवर तेवढी रोकड अडकते, हे त्यांना आधी सांगा नाहीतर ऐन वेळी पैसे कमी पडतात. तुमच्या बाजूला टॅक्स नाही, पण परदेशातून वर्षभरात एक लाख डॉलरच्या वर गिफ्ट आलं तर आयआरएसला फॉर्म 3520 द्यायचा. नुसती माहिती आहे, पण चुकवली तर दंड मोठा.

– कार्यकारिणीतली एक ताई

-----

उत्तर: उत्तर: उत्तर: एच-1बीवर घर घेतोय

काका, ताई, मनापासून आभार. आमची ऑफर मान्य झाली!! काल एकाच दिवशी मागवलेली दोन लोन एस्टिमेट आलीत. रिअल्टरच्या लेंडरचं 6.25, क्रेडिट युनियनचं 6.5. पहिल्याचा कॅश टू क्लोज (क्लोजिंगला भरायची एकूण रक्कम) पण दीड हजाराने कमी दिसतोय. म्हणजे दोन्ही बाजूंनी पहिलाच बरा ना? की काही बघायचं राहतंय?

-----

उत्तर: लोन एस्टिमेट कसं वाचायचं

कॅश टू क्लोज बघून ठरवू नका, बरेच जण तिथेच फसतात. त्या आकड्यात प्रॉपर्टी टॅक्स आणि इन्शुरन्सचे आगाऊ पैसे असतात, ते कुठल्याही लेंडरकडे गेलात तरी तेवढेच लागणार, फक्त एकाने अंदाज कमी लिहिला की त्याचा कागद स्वस्त दिसतो. दुसऱ्या पानावर सेक्शन ए बघा, ओरिजिनेशन चार्जेस. लेंडर स्वतःसाठी घेतो ते तिथे. त्यातून लेंडर क्रेडिट (लेंडरने उलट दिलेली सूट) वजा करा, ती त्याची खरी किंमत, आणि लॉक असेल तर ती रक्कम तुमच्या बाजूने काही बदल झाल्याशिवाय त्याला नंतर वाढवता येत नाही.

तुम्ही मला वेगळ्या मेलवर पाठवलेत ते आकडे इथे लिहितोय, सगळ्यांना उपयोगी पडतील (तुमची परवानगी आहे म्हणालात). पहिल्याच्या सेक्शन एमध्ये 5,600, त्यात 4,000 म्हणजे एक पूर्ण पॉइंट. क्रेडिट युनियनचे फक्त 900. फरक 4,700. चार लाखांवर तीस वर्षांसाठी 6.5 चा हप्ता साधारण 2,528 आणि 6.25 चा 2,463, म्हणजे महिन्याला 65 डॉलर वाचतात. 4,700 वसूल व्हायला सहा वर्षं लागणार. तोपर्यंत घर विकलं, नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेलात, किंवा रेट उतरले आणि रिफायनान्स केलं, की उरलेले पैसे गेले. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या माणसाने सहा वर्षांचा हिशोब करून पॉइंट विकत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, ते पैसे हाताशी असलेले बरे.

आता खरं काम. दोघांनाही सांगा की मला पॉइंटशिवाय काय रेट आणि त्या रेटला सेक्शन ए किती, दोघांकडे सारख्याच दिवसांचा लॉक धरून. एकाच रेटवर दोघांना आणलं की कोण महाग ते एका ओळीत दिसतं. मग स्वस्ताचा कागद दुसऱ्याला पाठवा आणि विचारा, याच्याशी जुळवता का. संकोच करू नका, आपल्या लोकांना इथे घासाघीस करायला अवघड वाटतं पण लोन ऑफिसरला याची रोजची सवय असते, आणि कागद हातात असेल तर तो बऱ्याचदा फी तरी सोडतो. पहिल्या पानावरची मॉर्गेज इन्शुरन्सची ओळही ताडा, 15 टक्के डाउन आहे म्हणजे पीएमआय (हाच मॉर्गेज इन्शुरन्स, लेंडरच्या संरक्षणासाठीचा) लागणार आणि तोही प्रत्येकाकडे वेगळा असतो. 1998 च्या कायद्याने मूळ किमतीच्या 80 टक्क्यांवर कर्ज आलं की तुम्ही लेखी मागून तो बंद करू शकता, हप्ते थकलेले नसले म्हणजे, आणि ठरलेल्या हप्त्यांप्रमाणे 78 ला तो आपोआप जायला हवा. ती 80 ची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका.

बिल्डरचं नवीन घर बघणाऱ्यांसाठी थोडं: बिल्डरचा लेंडर पहिल्या वर्षी दोन टक्के कमी, दुसऱ्या वर्षी एक टक्का कमी असा बायडाउन देतो, तिसऱ्या वर्षापासून पूर्ण रेट. तो हप्ता आजच्या पगारात बसतो का ते बघूनच सही करा. त्याचाच लेंडर घ्या अशी सक्ती करता येत नाही, सवलत मात्र तो त्याला जोडू शकतो, मग सवलतीसकट ताडून बघायचं.

लॉक किती दिवसांचा घ्यायचा म्हणाल तर, क्लोजिंग 30 दिवसांवर असेल तर 45 चा घ्या, काही दिवस इकडेतिकडे होतातच आणि मुदतवाढीला पैसे पडतात. लॉक झाल्याचं लेखी घ्या. लोन ऑफिसरचा एनएमएलएस (परवाना नोंदणीचा) नंबर असतो तोही एनएमएलएसच्या वेबसाईटवर तपासा.

– जुना खजिनदार

-----

उत्तर: उत्तर: लोन एस्टिमेट कसं वाचायचं

काका, क्रेडिट युनियनचा कागद दाखवल्यावर पहिल्या लेंडरने पॉइंटशिवाय 6.375 दिलाय, सेक्शन ए 1,100! 45 दिवसांचा लॉक, लेखी आलाय. बाबांचे पैसेही पोचलेत, थेट त्यांच्या खात्यातूनच. ताई, आता क्लोजिंगपर्यंत काय जपायचं?

-----

उत्तर: उत्तर: उत्तर: लोन एस्टिमेट कसं वाचायचं

वा, छान झालं! आता दोघांपैकी कोणीही नोकरी बदलू नका, कार्डांवर मोठी खरेदी नको, फर्निचर क्लोजिंगनंतर. क्लोजिंगच्या निदान तीन कामकाजाचे दिवस आधी क्लोजिंग डिस्क्लोजर येईल, ते लोन एस्टिमेटच्या शेजारी ठेवून सेक्शन ए परत ताडा, फरक दिसला तर त्याच दिवशी लेखी विचारा. आणि वायर करताना खूप सांभाळा, शेवटच्या आठवड्यात टायटल कंपनीच्या (क्लोजिंगचे पैसे आणि कागद सांभाळणारी) नावाने खातं बदललंय अशी खोटी ईमेल येते आणि लोकांचं अख्खं डाउन पेमेंट जातं. ईमेलमधल्या नंबरवर फोन करू नका, सुरुवातीला मिळालेल्या कागदावरचा टायटल कंपनीचा नंबर असेल त्यावर फोन करून खाते नंबर त्यांच्याकडून वाचून घ्या आणि मगच पैसे पाठवा. बँकेची वायर ठराविक वेळेनंतर त्या दिवशी जात नाही, तेव्हा आदल्या दिवशीच करा.

– ताई