मदत हवी आहे : नवाहो पद्धतीच्या निळ्या मक्याच्या लापशीत राख किती घालावी?

सस्नेह नमस्कार. आम्ही न्यू मेक्सिकोतील गॅलप येथे राहतो आणि शेजारच्या नवाहो (अमेरिकेतील एक मूलनिवासी समाज) आजींच्या घरी मटणाचा रस्सा, जाड पोळी व निळ्या मक्याची लापशी कितीतरी वेळा पोटभर जेवलो आहोत. पुढच्या महिन्यात त्यांचे कुटुंब आमच्याकडे जेवायला येणार असून, पुरणपोळीबरोबर ती लापशीही माझ्या हातची असावी, अशी मनापासून इच्छा आहे.

या लापशीत ज्युनिपर या सदाहरित झाडाच्या हिरव्या पाल्याची चाळलेली राख घालतात. तिच्यामुळे मक्याचा निळा रंग टिकतो आणि कॅल्शियमही मिळते. आजी ती अंदाजाने, चिमटीने घालतात. मी वाटीभर पिठाला एक चमचा राख पाण्यात कालवून, गाळून घातली, तेव्हा रंग सुरेख आला, पण जिभेवर कडवट चरचर राहिली आणि तळाशी गुठळ्या झाल्या. राख जास्त झाली, की पाल्याबरोबर जाड फांद्याही जळल्यामुळे असे झाले असावे? पीठ आधी थंड पाण्यात कालवावे, की उकळत्या पाण्यात वैरावे?

फ्राय ब्रेड (तळलेली पिठाची रोटी) मात्र मी मुद्दाम करणार नाही. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहोंना सक्तीने चालवत बॉस्क रेडोंडो येथील बंदिवासाच्या छावणीत नेले, तेथील शिध्याच्या पिठाशी व चरबीशी त्याची आठवण जोडलेली आहे. काही घरांत तो प्रिय असतो, काहींना तो सलतो.

ज्यांनी ही लापशी स्वतः शिजवली आहे, त्यांनी कृपया नेमके प्रमाण कळवावे.