मदत हवी आहे: स्टडचं ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक की भोपळा? (तातडीचं)

मिठाचा_खडा: रविवारी आमच्या चर्चच्या तरुण संघात इंग्लंडचा क्रिकेटपटू स्टड याच्यावर बोलायचंय. एकीकडे लिहिलंय, 1882 साली त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक केलं. दुसरीकडे, त्याच वर्षी त्यांच्याचविरुद्ध दोन्ही डावांत शून्य. दोन दिवस यातच गेले. खरं काय तेवढं सांगा.

डावखुरा: कोणता स्टड? तिघे भाऊ ओळीने केंब्रिज विद्यापीठाचे कर्णधार होते. जॉर्ज 1882, चार्ल्स 1883, कायनॅस्टन 1884.

मिठाचा_खडा: अहो, चीनला गेला तो!

डावखुरा: मग चार्ल्स. दोन्ही खरं आहे. 118 केंब्रिजकडून, भोपळे ओव्हलच्या कसोटीत. दुसरा भोपळा नाबाद. जिंकायला 85 हव्या होत्या, आणि एवढ्या फलंदाजाला कर्णधार हॉर्नबीने दहाव्या क्रमांकावर पाठवलं! 75 वर नववा गडी गेला, शेवटचा फलंदाज पीट आला, दोन धावा काढून त्रिफळाचीत. स्टड समोरच्या टोकाला उभाच, एकही चेंडू न खेळता. 7 धावांनी हार. कर्णधाराची घोडचूक.

जुना_स्कोअरर: हॉर्नबीला का बोल लावता? ऑस्ट्रेलियाच्या स्पॉफर्थने सामन्यात 90 धावांत 14 बळी घेतले. पहिल्या डावात स्टडचाही त्रिफळा त्यानेच उडवला होता. मिठाचा_खडा, धावफलकच वाचा, बाकी काही वाचू नका.

कायनॅस्टनप्रेमी: कायनॅस्टन पुढे लंडनचा लॉर्ड मेयर झाला.

मिठाचा_खडा: ते नकोय हो. क्रिकेट का सोडलं, ते कुणी सांगेल?

नगरची_मावशी: बाळा, वडील एडवर्ड यांनी बिहारमधल्या तिरहुतला निळीच्या मळ्यांत पैसा कमावला आणि पुढे अमेरिकन धर्मप्रचारक मूडींच्या सभेत त्यांचं मन पालटलं. मग भाऊ जॉर्ज मरणाच्या दारातून परतला. त्याच्या उशाशी बसून चार्ल्सला वाटलं, ही वाहवा घेऊन काय करायचं? फेब्रुवारी 1885 मध्ये केंब्रिजच्या सात जणांपैकी एक म्हणून, मिशनरी होऊन चीनला निघाला. वडिलोपार्जित 29,000 पौंड वाटून टाकले. त्यातले 5,000 हिंदुस्थानातल्या मुक्तिफौजेला (साल्व्हेशन आर्मीला). माझे आजोबा मुक्तिफौजेत होते, म्हणून हे आमच्या घरात सांगितलं जायचं. मुलांना हेच सांग, धावा राहू देत.

जुना_स्कोअरर: धावा कशा राहू द्यायच्या? 1882 आणि 1883, दोन्ही मोसमांत हजार धावा नि शंभर बळी. सोडलं ते किती मोठं होतं, हे त्याशिवाय मुलांना कसं कळणार? अ‍ॅशेसच्या, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेच्या, कलशावरच्या कवितेतही स्टड हे नाव आहे, तेही अनेकवचनात. 1882-83 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर जॉर्जही होता.

डावखुरा: 1900 ते 1906 उटीच्या युनियन चर्चचा पाळकही होता. उटीला गेलात तर बघून या.

खिडकीजवळची: मग काँगोचंही सांगा. 1916 ला गेला तो 1931 मध्ये तिथेच वारला. बायको प्रिसिला इंग्लंडमध्ये. शेवटच्या वर्षांत जेमतेम दोन आठवडे भेट. त्याग एकट्याचा नव्हता.

नगरची_मावशी: तीही मिशनरीच होती गं. इंग्लंडमधून सगळं काम तिनेच सांभाळलं.

खिडकीजवळची: म्हणूनच मावशी, तिचं नाव घ्यायला हवं.

मिठाचा_खडा: घेतो. नाबाद शून्यापासून सुरुवात करतो. प्रिसिलाचं लग्नाआधीचं काम कुठे होतं? शनिवारी रात्रीपर्यंत हवंय.

नगरची_मावशी: चीनमध्येच. 1888 ला लग्नही तिथेच झालं.