एलपीएसचा सिल्व्हर स्टेन: कंट्रोलला शिडीच येत नाही

नवखी_मायक्रो:
एमएस्सीचा प्रोजेक्ट. नाल्याच्या पाण्यातल्या ई. कोलाय जिवाणूचं एलपीएस (बाहेरच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड) बघतेय. पेशी सॅम्पल बफरमध्ये उकळल्या, गार झाल्यावर प्रथिनं पचवणारं प्रोटिनेज के घालून ६० अंशांवर तासभर ठेवल्या, मग एसडीएस-पेज (रेणू आकारानुसार वेगळे करणारं जेल) आणि चांदीने रंगवणारा सिल्व्हर स्टेन. माझ्या तिन्ही आयसोलेट्सना (पाण्यातून वेगळ्या केलेल्या जिवाणूंना) बँडची झकास शिडी आली. तुलनेसाठी कंट्रोल म्हणून लॅबमधला डीएच५अल्फा स्ट्रेन घेतला, त्याला मात्र पार तळाशी एकच जाड बँड! सर म्हणतात कंट्रोल फसला, परत कर. तिसरी खेप आहे. शिवाय जेल चहासारखं तपकिरी होतं, ते वेगळंच.

जेलवाली_ताई:
अगं थांब, चौथी खेप नको. डीएच५अल्फा हा ई. कोलायच्या के-१२ या लॅबमधल्या घराण्यातला. शिडीची एकेक पायरी म्हणजे ओ-अँटिजेनचं (एलपीएसच्या बाहेरच्या साखर-साखळीचं) एकेक युनिट. के-१२ मध्ये त्यासाठी लागणाऱ्या एका जनुकात आयएस५ हा जागा बदलणारा डीएनएचा तुकडा घुसून बसलाय, त्यामुळे ओ-अँटिजेनच तयार होत नाही. उरतो एलपीएसचा फक्त आतला भाग, लिपिड ए आणि कोअर, म्हणजे तुझा तो तळाचा बँड. कंट्रोल फसलेला नाही, तो 'रफ' (ओ-अँटिजेन नसलेला) कंट्रोल आहे. शेजारी 'स्मूथ' (ओ-अँटिजेन असलेला) म्हणून साल्मोनेला टायफीम्युरियम एलटी२ चालव. मी याच बँडपायी दोन महिने घालवलेत. एन्झाइम बदललं, पाणी बदललं, स्ट्रेनचं नाव काही वाचलं नाही.

तपकिरी रंगाचं सांग: पर-आयोडिक ॲसिडनंतर किती धुतेस?

नवखी_मायक्रो:
एकदाच, पाच मिनिटं 🙈

जेलवाली_ताई:
ॲसिड पाच मिनिटं, धुणं नव्हे! पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन हात, दर वेळी ताजं पाणी. सिल्व्हरनंतरही तीनदा. डेव्हलपर (रंग आणणारं द्रावण) घातल्यावर ट्रेपाशीच उभी राहा. बँड चढले की रंग थांबवायला लगेच ॲसेटिक ॲसिड. फोन घ्यायला गेलीस की झाला चहा.

बेंच_नंबर_४:
एक राहिलं. रंगवायचं ते सिल्व्हर नायट्रेट, कॉस्टिक सोडा आणि अमोनियाचं मिश्रण उद्यासाठी ठेवू नकोस. वाळलं तर स्फोट होऊ शकतो. वापरलं की त्याच दिवशी लॅबच्या नियमाप्रमाणे निकाली काढ. आणि सिल्व्हर प्रथिनांनाही रंगवतं, म्हणून तेच सॅम्पल दुसऱ्या जेलवर कूमासी या प्रथिनांच्या रंगाने रंगव. एलपीएस कूमासी घेत नाही, त्यामुळे तिथे प्रोटिनेज के सोडून काही दिसलं तर पचन अर्धवट झालंय.

नवखी_मायक्रो:
ताई, आयएस५ चं सरांना तुम्हीच सांगाल का? मी सांगितलं तर म्हणतील, आधी जेल नीट धू.