अनुभव धागा: उन्हाळ्यात गाडीतला फ्रिज कोणता घेतला, कसा चालला?

नमस्कार मंडळी. आपल्याकडं 'कूलर' म्हटलं की वाळ्याच्या ताट्या लावलेला, टाकीत पाणी ओतायचा कूलरच डोळ्यांपुढं येतो. लातूरच्या दुकानात मी "गाडीत न्यायचा कूलर दाखवा" म्हणालो तर त्यांनीही तोच पुढं केला. मला हवाय गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारा गार डबा. दूध, ताक, पाणी आणि मुख्य म्हणजे आईचं इन्सुलिन त्यात नीट राहिलं पाहिजे.

गेल्या मे महिन्यात आम्ही माहूरला निघालो. त्याआधी 5 हजारांचा एक हलका डबा घेतला होता. सॉकेटला वायर लावली की पंखा सुरू. सामानासोबत तोही डिक्कीत ठेवला. नांदेड सोडून अर्धापूरच्या पुढं चहाला थांबलो तेव्हा झाकण उघडलं. घरून नेलेलं ताक फसफसलेलं, पाण्याची बाटली कोमट आणि आत ठेवलेला थर्मामीटर 26 दाखवत होता. आईनं इन्सुलिनच्या नव्या पेनांवर हात ठेवून पाहिला आणि काहीच बोलली नाही. आम्ही गाडी मागं फिरवली, नांदेडातून नवी पेनं घेतली, जुनी टाकून दिली.

यंदा लातूरहून वेरूळ, तिथून नाशिक, त्र्यंबक असा 5 दिवसांचा बेत आहे. ज्यांनी असा डबा वापरलाय त्यांनी कृपया लिहावं. काय न्यायचं होतं, कुठला प्रकार घेतला, आपल्या उन्हात त्याचं काय झालं? कंपनीचं नाव नसलं तरी चालेल, आकडे मात्र द्या.

नांदेड, तंत्रनिकेतनात वीज विषय शिकवतो

तुमचा डबा बिघडलेला नव्हता. त्याची धावच तेवढी. हे हलके डबे पेल्टिअर पद्धतीचे असतात. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे फ्रान्सच्या ज्याँ पेल्टिअरनं 1834 साली दाखवलं. त्यात घरच्या फ्रिजसारखा ना गॅस, ना कॉम्प्रेसर, म्हणून डबा हलका आणि स्वस्त. पण आतलं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा 15 ते 20 अंशच खाली जातं. उन्हात धावणाऱ्या गाडीच्या बंद डिक्कीत 44 असेल तर आत 26. तुमचा थर्मामीटर खरंच बोलत होता.

तोच डबा एसी चालू असलेल्या गाडीत, मागच्या सीटच्या पायाशी ठेवला असता, तर 26 अंशांच्या हवेतून तो 8-10 वर आला असता. हा फरक दुकानात कुणी सांगत नाही, आणि खोक्यावर नुसतं '20 अंशांपर्यंत थंड' असं छापलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, छानच की! ते 'हवेपेक्षा 20 अंश कमी' असं वाचायचं.

आणखी एक. जेवायला थांबून गाडी बंद केली की पेल्टिअरची चकती उलट कामाला लागते. बाहेरची उष्णता तिच्यातूनच आत झिरपते, कारण मधे तेवढीच जागा इन्सुलेशनविना असते. तासभर उन्हात उभ्या गाडीत त्यानं सकाळपासून कमावलेलं सगळं जातं.

आता बर्फाशी तुलना करा. 1 किलो बर्फ वितळताना साधारण 93 वॅट-तास उष्णता शोषतो. पेल्टिअरचा डबा 50 वॅट वीज घेऊन जेमतेम 15-20 वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे किलोभर बर्फाचं काम करायला त्याला पाच-सहा तास लागतात. कॉम्प्रेसरचा डबा तेवढ्याच विजेत त्याच्या कितीतरी पट काम करतो, शिवाय हवं ते तापमान गाठल्यावर थांबतो. मी विद्यार्थ्यांना हे गणित दरवर्षी घालतो.

जालना

आमचा 30 लिटरचा कॉम्प्रेसरवाला. 19 हजारांना घेतला, तेव्हा घरात सगळ्यांना तो खर्च जास्त वाटला होता. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही नागपूरला लग्नाला गेलो. तेव्हा त्या रस्त्यावर खायला-प्यायला धड काही नव्हतं. धपाटे, दही, कापलेलं कलिंगड, पाण्याच्या दहा बाटल्या, सगळं डब्यात. बाहेर 43, आत 5. दह्याची कवडी नागपूरपर्यंत मोडली नाही.

पण एक रात्र आठवते. शेगावला मुक्काम होता. आमच्या गाडीतलं मागचं सॉकेट किल्ली काढल्यावरही चालू राहतं, हे मला ठाऊक होतं आणि त्याचा आनंदच होता. फ्रिज लावून आम्ही झोपलो. पहाटे 5 ला किल्ली फिरवली तर नुसतं टिक-टिक. आरतीला निघालेल्या दोन माणसांनी त्यांची गाडी शेजारी लावून केबल जोडली तेव्हा आमची सुरू झाली. अंधारात स्वतःची वाट सोडून थांबलेली ती दोघं कोण, कुठली, विचारायचंही राहून गेलं.

घरी आल्यावर माहितीपुस्तक वाचलं. या फ्रिजमध्ये बॅटरी सांभाळण्याच्या तीन पायऱ्या असतात: एच, एम, एल. गाडीच्या बॅटरीवर असाल तर एच ठेवायचं, म्हणजे व्होल्टेज थोडं उतरताच फ्रिज स्वतः बंद होतो आणि गाडी सुरू व्हायला बॅटरी उरते. एल हे वेगळ्या, सुट्या बॅटरीसाठी. माझा पहिल्या दिवसापासून एलवर होता. विकत घेताना हे तुम्ही दुकानातच दाखवून घ्या, आणि आपलं सॉकेट किल्ली काढल्यावर चालू राहतं की बंद होतं ते घरीच मोबाइल चार्जर लावून बघा.

आता आमच्याकडं 500 वॅट-तासांचं छोटं पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी चार्जिंगची बॅटरी आहे. मे महिन्यात रात्रीच्या 9 तासांत फ्रिजनं त्यातले 48 टक्के खाल्ले. सकाळी गाडीवर परत चार्जिंग.

उदगीर, ट्रकवर 22 वर्षं

आमच्याकडं फ्रिज नव्हता अन् आत्ताबी नाही. गाडीच्या पुढं आरशाला छागल टांगायची. जाड कापडाची पिशवी, आत पाणी, वारा लागला की बाहेरचं पाणी उडतं अन् आतलं गार होतं. चैत-वैशाखात तर लईच गार, कारण आपल्याकडची हवा कोरडी. मुंबईकडं घाट उतरला की तीच छागल निस्ती ओली राहती, गार होत न्हाई. फ्रिज बिघडला तर काय, म्हणून सांगायलोय. ओलं गोणपाट अन् मातीचं भांडं कधी दगा देत न्हाई.

सेलू, जि. परभणी. आरोग्यसेविका म्हणून निवृत्त

लातूरच्या भाऊंनी पेनं टाकून दिली हे वाचून वाईट वाटलं. आईसाठी कुणीही तेच केलं असतं, पण ती वाया गेली नव्हती. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं हे खरं. मात्र 26 अंशांत काही तास राहिलं म्हणून ते निकामी होत नाही. वापरात असलेलं पेन तर फ्रिजबाहेर, 30 च्या खाली, साधारण 4 आठवडे चालतं. औषधाप्रमाणे थोडा फरक असतो, तेव्हा आतला कागद वाचावा आणि आपल्या डॉक्टरांना विचारावं. खरी भीती दोन गोष्टींची. उन्हात बंद करून ठेवलेली गाडी, आणि गोठणं.

गोठण्याकडं कुणाचं लक्षच नसतं. कॉम्प्रेसरचा फ्रिज आतल्या भिंतीला फार गार असतो. पडद्यावर 4 दिसतं आणि भिंतीला टेकलेलं पेन शून्याखाली जातं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पहिल्यासारखं दिसतं, पण ते वापरायचं नाही.

लसीकरणाला जाताना आमच्या खांद्यावर निळी पेटी असे. आत 4 बर्फाच्या बाटल्या. डीप फ्रीजरमधून काढल्या काढल्या त्या पेटीत टाकायच्या नसतात. बाहेर ठेवायच्या, त्यांना घाम फुटू द्यायचा. मग कानाशी धरून हलवायची. आत पाणी हललेलं ऐकू आलं की ती बाटली लसीजवळ ठेवायला योग्य झाली. काही लसी उष्णतेपेक्षा गोठण्यानंच जास्त बिघडतात, म्हणून हे. मी वर्षानुवर्षं ओसरीत उभी राहून त्या बाटल्या कानाला लावल्यात. आजही मुलाच्या गाडीत आइस पॅक ठेवताना हात आपोआप कानाशी जातो.

तर तुम्ही असं करा. फ्रिज 5 वर लावा. पेनं सुती रुमालात गुंडाळून स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवा. डबा मधोमध, भिंतीपासून लांब. त्यातच कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर ठेवा, म्हणजे रात्री तापमान कुठपर्यंत उतरलं होतं ते सकाळी कळतं. डब्याच्या पडद्यावर एकट्यावर विसंबू नका.

छत्रपती संभाजीनगर

पेल्टिअरला अगदीच मोडीत काढू नका. आमचं बाळ 7 महिन्यांचं होतं तेव्हा डिसेंबरात तुळजापूरला गेलो. बाहेर 24-25, दूध घरच्या फ्रिजमधून गार करूनच ठेवलेलं, सोबत दोन आइस पॅक. उत्तम राहिलं. आपल्याला ऐन उन्हाळ्यातच निघायचं असतं, हा खरा प्रश्न. कोमट वस्तू आत घालून ती गार होईल अशी आशा त्याच्याकडून धरू नये. गार आहे ते काही तास सांभाळणं, एवढंच त्याचं काम.

धारूर, जि. बीड

आमची सीताफळाची बाग आहे. बालाघाटच्या डोंगरातलं हे फळ, बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पाहुणे फ्रिज घेऊन येतात आणि टोपलीभर फळं त्यात घालून नेतात. तसं करू नका. कच्चं सीताफळ फार गार ठेवलं की साल काळी पडते आणि फळ नीट पिकतच नाही. आंब्याचंही तेच, केसर आढीतच पिकू द्या, 5 अंशांत नको. फळं टोपलीत पाला घालून न्या, आणि फ्रिज ठेवा गरासाठी.

गर आम्ही घरच्या डीप फ्रीजरमध्ये उणे 18 वर गोठवून किलोच्या पिशव्या करतो आणि 40 लिटरच्या कॉम्प्रेसर फ्रिजमधून पुण्याला मुलीकडं नेतो. आधी दगडासारखा गोठवलेला असला की गाडीतल्या फ्रिजला फक्त राखण करायची असते. एकदा घाईत ताजा गर घालून गाडीतच गोठवू म्हटलं. नगरपर्यंत कॉम्प्रेसर एक मिनिट थांबला नाही, आणि पुण्यात झाकण उघडलं तर कडेचा गर गोठलेला, मधला पातळ आणि तपकिरी झालेला. मुलीनं तरी तो खाल्ला, आईच्या हातचा म्हणून. मला मात्र अजून चुटपुट लागून आहे. वर्षातून एकदाच येणारं फळ.

फ्रिज आडवा टाकून आणू नका. आणलाच, तर सरळ उभा करून काही तास थांबा, मग सुरू करा. कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसावं लागतं.

परभणी, गॅरेज आहे माझं

"फ्रिज बंद पडतोय, पडद्यावर एरर येतोय" म्हणून उन्हाळ्यात गाड्या येतात. दहात आठ वेळा फ्रिज चांगला असतो. मागच्या सॉकेटपर्यंत आलेली वायर लांब आणि बारीक असते. कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढतो, वायरमध्येच व्होल्टेज पडतं, आणि फ्रिजला वाटतं बॅटरी संपली. पुढच्या सॉकेटला लावून बघा. तिथं चालला तर दोष वायरीचा. मग बॅटरीवरून जाड वायर मागं न्यायची, बॅटरीजवळच फ्यूज टाकायचा. फ्यूजशिवाय नेऊ नका, कुणी कितीही सांगू द्या. मागं एका गाडीचं मॅटिंग जळालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. आत लहान लेकरं बसलेली होती.

फ्रिजची जाळी सामानानं झाकू नका. गोधडी, पिशव्या सगळं त्याच्यावर टाकतात, मग गरम हवा जाणार कुठं?

अंबाजोगाई

मुरूडहून सुरमई आणली, कॉम्प्रेसर फ्रिजमध्ये, 0 वर. उत्तम आली. वास मात्र महिनाभर गेला नाही, लिंबू लावलं, सोडा लावला. ज्यांना औषधं न्यायचीत त्यांनी मासळीसाठी बर्फाची वेगळी पेटीच घ्यावी.

औसा

वर्षातून एकदाच जाणार असाल तर विकत घेण्याआधी विचार करा. आमच्या चुलतभावाचा फ्रिज आम्ही तिघं भाऊ मिळून वापरतो. ज्याची सहल त्याच्याकडं डबा. एका दिवसाची फेरी असेल तर जाड भिंतीची पेटी आणि 5 किलो बर्फ पुरतो. लादी फोडू नका, अख्खी ठेवा, उशिरा वितळते.

लातूर, धागा ज्यानं काढला तो

सगळ्यांचे मनापासून आभार. काल 30 लिटरचा कॉम्प्रेसरवाला आणला, दुकानात एच लावूनच घेतला. गाडीत तो मधल्या सीटच्या मागं, एसीचा वारा लागेल असा बसतोय. सॉकेट तपासलं, किल्ली काढली की बंद होतं. म्हणजे वेरूळच्या मुक्कामी रात्री फ्रिज खोलीत नेऊन घरच्या प्लगवर लावायचा. तसा अडॅप्टर सोबत मिळालाय.

रात्रभर 5 वर चालवला. सकाळी स्टीलच्या डब्यातल्या थर्मामीटरवर कमाल 6.4, किमान 3.8. आई स्वतः चष्मा लावून वाचायला आली. आकडे तिनं वहीत लिहून ठेवलेत, तारखेसकट. मग म्हणाली, ताकाचा तांब्या मावतोय का बघ.

सेलूच्या ताई, एकच विचारायचं राहिलं. रुमालाची घडी दोन पदरी करू की चार?

सेलू

दोन पुरे. आणि ताकाचा तांब्या पेनांच्या डब्याला खेटून ठेवू नका, तो भिंतीकडं ढकलेल. शनिवारी पहिल्या थांब्यावर थर्मामीटर बघून इथं लिहा, मी वाट बघते.