बीएस्सी अर्धवट असताना एमबीबीएसला अर्ज?

प्रश्न (भांडुप): बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र. बारावीला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ६८ टक्के. शरीरक्रियाशास्त्राचा तास झाला की वाटतं, मला डॉक्टरच व्हायचंय. बाबा म्हणतात, आधी पदवी हातात घे. पदवीआधी ‘नीट’ (एमबीबीएसची प्रवेश परीक्षा) देता येते का?

उत्तर (परळ, इंटर्न): येते गं. पात्रता बारावीच्या पीसीबीवर ठरते, खुल्या गटाला ५० टक्के, राखीवला ४०. पदवीचे वेगळे गुण मिळत नाहीत आणि वयाची वरची अटही आता नाही. पुढे साडेचार वर्षं आणि वर्षभर इंटर्नशिप आहे, म्हणून मी तर थांबू नको म्हणेन. ‘नीट’च्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, पण ते अकरावी-बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकांतून येतात, बीएस्सीच्या जाडजूड पुस्तकांतून नाही. खरी गळती फिजिक्समध्ये होते. लोकलमध्ये सूत्रं पाठ होतात, गणितं सुटत नाहीत. त्यासाठी घरी रोज टेबलाशी बसावंच लागतं.

उत्तर (डोंबिवली, पालक): बाळा, सीट पक्की होईपर्यंत कॉलेज सोडू नकोस. मात्र मूळ दाखला आणि गुणपत्रिका कॉलेजात जमा असतील तर त्या परत कशा मिळतात, हे आत्ताच विचारून ठेव. माझ्या लेकीच्या वेळी प्रवेशाची मुदत संपत आली तरी दाखल्यावर सही होत नव्हती. घरात कुणी जेवलं नाही त्या दिवशी. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी सीईटी सेलकडे (राज्याचं प्रवेश कार्यालय) वेगळी नोंदणी लागते, तेही विसरू नकोस.

प्रश्नकर्ती: काकू, दादा, मनापासून आभार. उद्याच कॉलेजच्या ऑफिसात जाते. बाबांना हे सगळं आज रात्री वाचून दाखवणार आहे.